कळवा शाखा खरंच मागे पडतेय का? आमच्या १४ शाखांच्या मोजणीच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

आज आढावा मीटिंगला तो तक्ता परत आला. प्रति कर्मचारी व्यवसाय, म्हणजे ठेवी अधिक कर्ज भागिले स्टाफ, आमच्या सहकारी बँकेच्या चौदा शाखा उतरत्या क्रमाने लावलेल्या, नौपाडा सगळ्यात वर आणि कळवा सगळ्यात खाली. दरवेळी असंच असतं पण यावेळी तक्त्याखाली एक ओळ जास्त होती, कळवा शाखा नौपाड्यात विलीन करायचा प्रस्ताव सप्टेंबरच्या बोर्ड मीटिंगला ठेवावा म्हणून. कोणी फार बोललं नाही, "कळवा काय दरवर्षी मागेच पडतेय" एवढं दोघातिघांनी म्हटलं आणि पुढचा विषय घेतला.

मी स्वतः कळव्याच्या काउंटरला दीड वर्ष काढलंय. एप्रिलमधे १५एच फॉर्म (व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठांनी द्यायचा) द्यायला आलेल्या आजी-आजोबांची रांग जिन्यापर्यंत जायची, त्यातल्या निम्म्यांचा फॉर्म आपणच भरून द्यायचा, वाचून दाखवायचा, सही कुठे ते बोट ठेवून दाखवायचं. ते काम या तक्त्यात कुठेच नाही हे तर आहेच, पण मला जास्त खटकला तो "मागे पडतेय" हा शब्द. कशाच्या मागे? स्वतःच्या गेल्या वर्षाच्या मागे की नौपाड्याच्या मागे? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण दोन्हीचं उत्तर एकाच आकड्यात शोधतोय.

मीटिंग संपल्यावर जीएम साहेबांना भेटले, म्हटलं साहेब मला हे वर्षावर्षाला मोजून बघायचंय, तीन महिने द्या. साहेब म्हणाले ऑगस्टअखेर दे, पण रोजचं काम सांभाळून. आयटीतला एक मुलगा डेटा काढून द्यायला तयार आहे. दोघांनाही नंतर कळावं काय का केलं म्हणून आजपासून नोंदी.

१३ जून

दोन दिवस घरी जुन्या नोट्स काढून वाचल्या. पद्धत नवीन नाही. १९५७ मधे फॅरेलने कल्पना मांडली की सरासरीशी तुलना करू नका, जे सगळ्यात चांगलं काम करतायत त्यांची एक रेषा काढा आणि बाकीचे त्या रेषेपासून किती लांब आहेत ते मोजा. १९७८ मधे चार्न्स, कूपर आणि रोड्स यांनी ते लिनियर प्रोग्रामिंगने सोडवायची रीत दिली, तीच डीईए, म्हणजे डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस. बँकेच्या शाखांवर ती ऐंशीच्या दशकापासून वापरतायत. पण डीईए एका वर्षाचा फोटो देते. दोन वर्षांमधला बदल मोजायला माल्मक्विस्ट इंडेक्स लागतो. माल्मक्विस्ट हे स्वीडनचे, १९५३ चं त्यांचं मूळ काम ग्राहकांच्या खर्चाबद्दलचं होतं, १९८२ मधे इतरांनी तीच युक्ती उत्पादनाला लावून त्यांचं नाव दिलं. आणि आमच्या कामाची गोष्ट झाली नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, जेव्हा तो इंडेक्स दोन भागात फोडला गेला. एक भाग, तुम्ही रेषेच्या जवळ गेलात की लांब गेलात. दुसरा भाग, रेषा स्वतः किती सरकली.

आयटीतल्या मुलाला समजवायला साधं उदाहरण केलं, तेच इथे ठेवते. अ शाखा, १० माणसं, १०० कामं. ब शाखा, १० माणसं, ६० कामं. अ आघाडीवर, ब ची कार्यक्षमता ०.६०. पुढच्या वर्षी अ ने १५० कामं केली, ब ने ७५. आता ब ची कार्यक्षमता ०.५०. तक्ता म्हणणार ब घसरली. पण ब च्या लोकांनी त्याच माणसांत २५ टक्के जास्त काम केलंय! फोड केली की दिसतं, जवळ जाण्याचा भाग ०.५० भागिले ०.६० म्हणजे ०.८३, रेषा सरकण्याचा भाग १.५०, गुणाकार १.२५. तिन्ही आकडे खरे आहेत, पण मीटिंगला फक्त ०.८३ पोचतो.

तो गप्प बसला होता थोडा वेळ. मग म्हणाला मॅडम म्हणजे आपण सगळ्यांना धावताना बघतच नाही, फक्त अंतर बघतो.

२२ जून, चौथा शनिवार

सुट्टी म्हणून शांतपणे बसले. डेटा आला, २०१६-१७ ते २०२३-२४, आठ वर्षं.

पहिला निर्णय. ठेवी आणि कर्ज ३१ मार्चचे घ्यायचे नाहीत. बँकेत काम केलेल्या कोणालाही विचारा, मार्चएंडला मॅनेजर ओळखीच्या ठेवीदारांना फोन करतात, एवढे पंधरा दिवस ठेवा, टार्गेट आहे, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते पैसे निघून जातात. ज्या शाखेच्या मॅनेजरच्या ओळखी मोठ्या तिचा मार्च फुगतो. आम्ही तीन शाखांचे फेब्रुवारी, मार्च, एप्रिलचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि मला पुढे बघायचीही गरज वाटली नाही. बारा महिन्यांच्या महिनाअखेरची सरासरी घेतोय.

२८ जून

माणसं मोजणं सोपं वाटलं होतं पण चार दिवस त्यातच गेले. मस्टरवर असलेले, कंत्राटी, रिलिव्हर म्हणून दुसऱ्या शाखेतून पाठवलेले, अर्ध वर्ष मॅटर्निटी लीव्हवर असलेल्या, आणि पिग्मी एजंट. पिग्मी एजंट कमिशनवर असतात, मस्टरवर नसतात, पण तुर्भ्याला मार्केटमधल्या गाळ्यागाळ्यांतून रोज पैसे तेच गोळा करतात, त्यांना सोडलं तर तुर्भे शाखा जादूने काम करते असं दिसेल. त्यांचं कमिशन खर्चात धरलं. बाकी सगळे पूर्णवेळ माणसांच्या हिशोबात बदलले. भाडं खर्चातून काढलं, कारण नौपाड्याची जागा बँकेच्या मालकीची आणि घोडबंदर रोडची भाड्याची, त्यात शाखेतल्या लोकांचा काय गुण नि काय दोष.

२ जुलै

आज मोठा वाद झाला. ठेव हा इनपुट की आउटपुट, म्हणजे शाखेत आत जाणारी गोष्ट की तिच्या कामातून बाहेर येणारी?

हा प्रश्न जगभर पन्नास वर्षं चाललाय. एक बाजू म्हणते बँक ही मध्यस्थ आहे, ठेव हा कच्चा माल, कर्ज हा पक्का माल. सीली आणि लिंडली यांनी १९७७ मधे ही बाजू मांडली आणि संपूर्ण बँकांची तुलना करताना बहुतेक लोक तीच धरतात. दुसरी बाजू म्हणते बँक ही सेवा बनवणारा कारखाना आहे, माणसं आणि खर्च आत जातात, खाती सांभाळणं, पैसे घेणं-देणं, कर्ज देणं हे बाहेर येतं. १९९७ मधे बर्जर आणि हम्फ्री यांनी २१ देशांतले १३० अभ्यास एकत्र वाचून आढावा घेतला, त्यात त्यांचं म्हणणं की पूर्ण बँक मोजायची तर पहिली बाजू आणि शाखा मोजायच्या तर दुसरी जास्त योग्य.

अकाउंट्सचे एक वरिष्ठ म्हणाले की इतकी वर्षं सीडी रेशो (ठेवींच्या तुलनेत कर्ज किती) बघतोय आपण, मध्यस्थ पद्धतच घ्या. मी विचारलं साहेब, कळव्याच्या ठेवी कुठे जातात? कळव्यात निवृत्त लोक, एफडी ठेवतात, कर्ज कोण घेणार त्यातलं. तो पैसा हेड ऑफिसला येतो आणि इथून वागळे इस्टेटच्या वर्कशॉपला, घोडबंदरच्या फ्लॅटला जातो. मध्यस्थ पद्धतीने कळवा म्हणजे भरपूर कच्चा माल खाऊन काहीच न बनवणारी शाखा. आणि वर व्याजाचा खर्च इनपुट धरला तर ज्येष्ठ नागरिकांना आपण जे जास्त व्याज देतो, ते व्याजही कळव्याच्याच डोक्यावर, म्हणजे जिने बँकेसाठी सगळ्यात टिकाऊ ठेवी आणल्या तीच सगळ्यात महाग ठरली. ते थोडे चिडले पण शेवटी म्हणाले दोन्ही करून बघ. बरोबर आहे त्यांचं, दोन्ही करणार, पण मुख्य हिशोब सेवा पद्धतीने.

आउटपुट दोनच ठेवता येतायत. शाखा १४ आहेत, आणि ढोबळ नियम असा की इनपुट-आउटपुटच्या एकूण संख्येच्या तिप्पट तरी शाखा हव्यात, नाहीतर प्रत्येकजण कुठल्यातरी बाबतीत पहिला ठरतो आणि सगळ्याच आघाडीवर दिसतात. दोन इनपुट (माणसं आणि खर्च), दोन आउटपुट, तिप्पट बारा, बसतं. तिसरा आउटपुट घेतला की पंधरा, गेलं. म्हणून काउंटरची सगळी कामं एकत्र करून मिनिटांत मोजायची ठरवली. रोख भरणा, एफडी नूतनीकरण, पासबुक, केवायसी, १५एच. प्रत्येकाला किती मिनिटं लागतात ते तीन शाखांत बसून घड्याळ लावून बघणार. दुसरा आउटपुट कर्ज.

८ जुलै

पहाटेपासून धो धो पाऊस, लोकलचा खोळंबा, ऑफिसला पोचणं शक्यच नव्हतं. घरी बसून रुपयांच्या आकड्यांतून महागाईचा परिणाम काढला, २०१२ पाया असलेला ग्राहक किंमत निर्देशांक वापरला. हे न करता तुलना केली तर सात वर्षांत सगळ्याच शाखा सुधारल्या असं दिसतं, कारण रुपया लहान झालाय.

११ जुलै

घड्याळ लावून झालं. कळवा, कोपरखैरणे, वाशी. कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची खाती खूप, दुपारी दोननंतर गर्दी. एक काका पंचवीस वर्षं त्याच खिडकीत आहेत, रोख मोजणं मशीनच्या आधी त्यांच्या बोटांना कळतं. एफडी नूतनीकरणाला वाशीत सरासरी ९ मिनिटं लागली आणि कळव्यात १४. यावर लगेच "बघा, कळवा हळू" म्हणू नये कोणी. वाशीत माणूस ठरवून येतो की किती दिवस ठेवायचं. कळव्यात आजी विचारतात की मुलाचं नाव लावू की मुलीचं, की दोघांचं. मग मिनिटं कोणाची धरायची? तिन्ही शाखांची सरासरी सगळ्यांना लावली. कळव्याचं थोडं नुकसान आहे यात हे मला माहितीये, पण प्रत्येक शाखेला तिची स्वतःची मिनिटं दिली तर हळू काम करणाऱ्याला हळू काम केल्याचेच मार्क मिळतील, मग मोजण्यात अर्थ काय.

१३ जुलै, दुसरा शनिवार

पहिला रन. आर या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमधे बेंचमार्किंग नावाचं पॅकेज आहे त्यात डीईए सोडवली, इंडेक्स स्वतः जोडला. स्थिर प्रमाण धरलंय, म्हणजे शाखा दुप्पट तर काम दुप्पट. एका वर्षाच्या फोटोला बदलतं प्रमाण चालतं, पण वर्षावर्षांच्या इंडेक्समधे ते घेतलं की उत्पादकता चुकीची येते आणि कधी कधी एका वर्षाची शाखा दुसऱ्या वर्षाच्या रेषेवर बसतच नाही, उत्तरच येत नाही.

निकाल बघून धक्का बसला, बारा शाखा दरवर्षी खाली. रात्री अकरापर्यंत डेटा तपासला. शेवटी एक शाखा, एक वर्ष, एक्सेलच्या सॉल्व्हरमधे हाताने सोडवलं तेव्हा सापडलं. अंतर मोजायच्या दोन रिती आहेत, एक दुसरीच्या उलट, एकीत एकच्या वर म्हणजे प्रगती आणि दुसरीत एकच्या खाली म्हणजे प्रगती. मी पॅकेजचा आकडा एका रितीचा आणि सूत्र दुसऱ्या रितीचं घेतलं होतं. सगळं उलटं वाचत होते. आता अ आणि ब चं उदाहरण प्रत्येक रनच्या आधी चालवायचं, १.२५ आला तरच पुढे जायचं.

१७ जुलै, आषाढी

सुट्टी. काम नाही केलं.

२५ जुलै

२०१६-१७ हे पायाचं वर्ष म्हणून चालणार नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, ३० डिसेंबरपर्यंत लोक जुन्या नोटा भरत होते, काउंटर रात्री नऊ-दहापर्यंत उघडे. त्या वर्षीची मिनिटं इतकी फुगलीत की २०१७-१८ मधे प्रत्येक शाखा कोसळलेली दिसते, तुर्भे सगळ्यात जास्त, कारण मार्केटमधली रोकड. त्या लोकांनी त्या पन्नास दिवसांत जे काम केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेच काम पुढच्या वर्षी त्यांच्याच विरोधात वजा होऊन बसलं हे मला बघवेना. ते वर्ष मालिकेतून काढलं. आता २०१७-१८ पासून सात वर्षं, म्हणजे लागोपाठच्या वर्षांच्या सहा जोड्या.

आणि डिजिटल. यूपीआयचे व्यवहार सिस्टीममधे खात्याच्या शाखेच्या नावावर पडतात, त्यात शाखेतल्या कोणाचा हात लागत नाही. ते धरले तर घोडबंदर रोड आकाशात जाते. चॅनेल कोड (व्यवहार काउंटरवरून झाला की मोबाइलवरून ते सांगणारा) बघून काढून टाकले. पण याची दुसरी बाजू पण लिहून ठेवते, छोटे व्यवहार मोबाइलवर गेले म्हणजे काउंटरला उरली ती वेळखाऊ कामं, म्हणून नुसती संख्या मोजली असती तर सगळ्या शाखा घसरल्या असत्या. मिनिटांत मोजल्याचा फायदा इथे झाला.

३ ऑगस्ट

कोविडचं वर्ष. २०२०-२१ मधे कळव्याचा "जवळ जाण्याचा" भाग एकदम वर गेला. आयटीतला मुलगा खूश झाला, म्हणाला मॅडम बघा सुधारली. मी त्याला परत अ आणि ब वर आणलं. अ १०० वरून ७० वर, ब ६० वरून ५६ वर. ब ची कार्यक्षमता ०.६० वरून ०.८०, म्हणजे १.३३ ची उडी! आणि ब चं स्वतःचं काम मात्र कमी झालंय, १.३३ गुणिले ०.७० म्हणजे ०.९३. रेषाच खाली आली म्हणून अंतर कमी झालं. कळव्यात तसंच झालं, लॉकडाऊनमधेही म्हातारी माणसं बँकेत येत राहिली कारण त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता, तर बाकीच्या शाखांचं काम मोबाइलवर आणि घरी गेलं. मला कळव्याच्या बाजूचं उत्तर हवंय हे मी मान्य करते, म्हणूनच जे उत्तर मला आवडतं ते जास्त तपासायचं.

१० ऑगस्ट

बुडीत कर्ज. आउटपुट म्हणून सगळं कर्ज धरलं तर ज्याने वाटेल त्याला कर्ज वाटलं तो हुशार ठरतो. म्हणून फक्त नियमित कर्ज धरायचं, ९० दिवस थकलेलं, म्हणजे एनपीए, वजा. बरोबरच आहे, पण दोन ठिकाणी अडलं.

एक म्हणजे तारखा. मार्च ते ऑगस्ट २०२० कोविडमुळे कर्जाच्या हप्त्यांना मुदत होती, मग ३ सप्टेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जी खाती ३१ ऑगस्टपर्यंत एनपीए नव्हती ती पुढच्या आदेशापर्यंत एनपीए करू नका, आणि तो आदेश उठला २३ मार्च २०२१ ला. म्हणजे वर्षभर कागदावर सगळं नियमित आणि शेवटच्या आठवड्यात एकदम लाल. माझी बारा महिन्यांची सरासरी अकरा महिने खोटं चांगलं दाखवते. यावर उपाय म्हणून २०२०-२१ एकटं वाचायचंच नाही असं ठरवलं, २०१९-२० वरून थेट २०२१-२२ ची तुलना शेजारी द्यायची. इथे आणखी एक कळलं, दोन जोड्यांचा गुणाकार आणि थेट तुलना यांची उत्तरं जुळत नाहीत. चूक नाही ती, या इंडेक्सचा स्वभावच तो आहे, रेषेचा आकार मधल्या वर्षात बदलतो. अहवालात दोन्ही आकडे देणार.

दुसरं जास्त मनाला लागलं. वागळे इस्टेट शाखेच्या एनपीएमधली तीन मोठी कर्जं हेड ऑफिसच्या कमिटीने मंजूर केलेली, शाखेने फक्त कागद पाठवले. ती बुडाली तेव्हा शाखेच्या खात्यावर. मॅनेजरची बढती त्यात अडकली होती हे सगळ्यांना माहितीये. शाखेच्या मंजुरी मर्यादेवरची सगळी कर्जं मी शाखांच्या हिशोबातून काढली, चांगली पण आणि वाईट पण. ज्याचा निर्णय त्याचा आकडा.

१४ ऑगस्ट

आज जे सापडलं त्याने झोप येईल असं वाटत नाही.

२०१८-१९ ते २०१९-२० या जोडीत रेषा खूप पुढे सरकलेली दिसत होती, सहा जोड्यांत सगळ्यात जास्त. सगळे म्हणत होते नवीन सॉफ्टवेअर आलं म्हणून. मला पटत नव्हतं, कारण सॉफ्टवेअर चौदाही शाखांत आलं आणि पुढे सरकली फक्त नौपाडा. शिवाय त्याच वर्षी सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सगळ्याच सहकारी बँकांच्या काउंटरवर घाबरलेले लोक आले होते, आमच्याकडेही, प्रत्येकाशी अर्धा अर्धा तास बोलावं लागत होतं. अशा वर्षात रेषा पुढे का जाईल?

म्हणून लंच टाइमला नौपाडा शाखेत जाऊन बसले. तशी ती आमच्याच बिल्डिंगमधे खाली आहे, रोज तिच्यासमोरून जाते मी. चेक आले की ट्रे घेऊन एक शिपाई मागच्या दारातून वर जातो. वर कुठे? तर हेड ऑफिसच्या क्लिअरिंग डेस्कला. बाकीच्या तेरा शाखा आपले चेक स्वतः स्कॅन करतात, एंट्री मारतात. नौपाड्याचे चेक मात्र वरचे तिघे करतात, शिवाय लॉकर रजिस्टर आणि रोज संध्याकाळची कॅश टॅली पण तेच बघतात. आणि ते तिघे आधी नौपाड्याच्या मस्टरवर होते, २०१९ मधे हेड ऑफिसच्या मस्टरवर घेतले गेले. जागा तीच, खुर्च्या त्याच, काम तेच. फक्त मस्टर बदललं आणि नौपाडा एका वर्षात बँकेची सगळ्यात कार्यक्षम शाखा झाली, आणि पाच वर्षं आपण बाकी तेरा शाखांना त्या रेषेवरून मोजतोय.

कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाहीये, प्रशासनाच्या सोयीसाठीच केलं असणार. पण त्या रेषेच्या जोरावर कळव्याचं दार बंद होणार होतं.

२० ऑगस्ट

तिघांना विचारून, एक आठवडा नोंद ठेवून, त्यांच्या वेळेतला ६० टक्के वेळ नौपाड्याचा निघाला. म्हणजे १.८ माणसं परत नौपाड्यात घातली, पाचही वर्षांत. बाकी शाखांचेही मस्टर तपासले, असं दुसरं काही नाही.

परत रन. २०१९-२० ची ती उडी गेली, रेषा जवळपास जागेवर. नौपाडा रेषेवरून खाली आली, चांगली शाखा आहेच ती, पण आता रेषा तुर्भे आणि कोपरखैरणे धरून आहेत. मध्यस्थ पद्धतीने केलं तर अजूनही कळवा शेवटून दुसरी आहे, तेही अहवालात जाणार. सेवा पद्धतीने कळवा नववी.

आणि वर्षावर्षाला? २०१७-१८ ते २०१९-२० कळवा खरोखर मागे गेली होती. दोन वर्षांत तीन मॅनेजर बदलले, पासबुक मशीन सात महिने बंद, हे खरं आहे आणि झाकायचं कारण नाही. २०२१-२२ पासून प्रत्येक जोडीत ती रेषेच्या जवळ येतेय आणि यावेळी रेषा खाली येऊन नाही, स्वतःचं काम वाढून. "दरवर्षी मागेच पडतेय" हे वाक्य निदान गेल्या तीन वर्षांपुरतं चुकीचं आहे.

२४ ऑगस्ट

शाखा फक्त १४, एखाद्या शाखेचं एक चांगलं वर्ष रेषा हलवू शकतं, म्हणून बूटस्ट्रॅप केलं, म्हणजे आकडे थोडे थोडे हलवून तेच गणित परत परत करून उत्तर कुठून कुठपर्यंत जाऊ शकतं तो पल्ला काढला, सिमार आणि विल्सन यांनी १९९९ मधे या इंडेक्ससाठी दिलेल्या रितीने, दोन हजार वेळा. कळव्याच्या सहा जोड्यांपैकी तीन जोड्यांत पल्ल्याच्या आत १ येतो, म्हणजे सुधारली की घसरली काहीच ठामपणे म्हणता येत नाही. राहिलेल्या तीनपैकी एक घसरण, २०१८-१९ ची, आणि दोन सुधारणा, शेवटच्या दोन. मुलगा म्हणाला एवढंच? हो, एवढंच. पण एवढं आता कोणी विचारलं तर मी उभं राहून सांगू शकते.

३० ऑगस्ट

अहवाल दिला, अकरा पानं. पहिल्या पानावर अ आणि ब, कारण बोर्डावरच्या सगळ्यांना ते समजलं पाहिजे. साहेबांनी माझ्यासमोरच वाचायला घेतला, नौपाड्याच्या मस्टरवर आले तेव्हा चष्मा काढला आणि विचारलं "हे तिघे आपलेच ना, वरचे?" म्हटलं हो साहेब. मग त्यांनी स्वतः फोन लावून मस्टरची जुनी प्रत मागवली. विलीनीकरणाचा विषय बोर्डाच्या अजेंड्यावर आहे तसाच आहे, पण त्याला हा अहवाल जोडायला सांगितलाय, आणि प्रति कर्मचारी व्यवसायाचा तक्ता त्याच्या मागे जाईल, पुढे नाही.

एक अट त्यांनी घातली जी मला आवडली. म्हणाले कळवा जवळ आली ते कशामुळे आली ते लिहून आण, नुसतं आली म्हणू नकोस.

३ सप्टेंबर

ऑफिस सुटल्यावर लोकलने एक स्टेशन, कळवा. शाखेच्या मॅनेजर मॅडमना विचारलं २०२१ पासून काय बदललंत. त्या म्हणाल्या विशेष काही नाही. मग चहा घेता घेता एकेक निघालं. १५एच साठी त्यांनी आळीपाळीने वार लावून दिले, सोमवारी एका सोसायटीचे लोक, मंगळवारी दुसरीचे, सोसायटीच्या बोर्डावर कागद लावून. फॉर्म आदल्या वर्षीच्या माहितीवरून आधीच भरून ठेवतात, फक्त सही राहते. एफडी संपायच्या आठ दिवस आधी फोन जातो, नॉमिनी ठरवून या म्हणून, त्यामुळे काउंटरवरची चर्चा घरीच होते. चौदा मिनिटं मी जुलैत मोजली होती, त्या म्हणाल्या चार वर्षांपूर्वी पंचवीस लागायची.

हे पंचवीस माझ्या हिशोबात नाहीत. मी सगळ्या वर्षांना एकच मिनिटं लावलीत, म्हणजे त्यांची वाचवलेली अकरा मिनिटं मॉडेलला प्रत्येक एफडीमागे दिसतातच असं नाही, त्या वेळेत त्यांनी दुसरं काम उरकलं असेल तरच दिसतात. त्यांच्याकडे जुनी टोकन रजिस्टरं आहेत, वेळ लिहिलेली, माळ्यावरच्या पेटीत. शनिवारी गणपती बसतायत, त्याच्या आधी गुरुवारी परत जाऊन फोटो काढून आणते.